बाभळीले अडकलेला कापूस

बाबा, मी दोन राती झोपली नाई. पोरीचा ताप त उतरला, अन् गरमीची मले सवयच हाय. झोप याच्यासाठी येत नाई का उद्या सकाळी मले ठाण्यात जाऊन सांगाचं हाय का त्या दिवशी वारं होतं. तीन गोष्टी सांगाच्या हायत. दोन वाजता वादळ-वावधन आलं. ताडपत्री मी बांधली. सैल राह्यली. येवढ्याच तीन गोष्टी, अन् त्या माह्याकडून पाढ्यावाणी घोकून घेतल्या हायत. काल सासूबाई भाकरी थापता थापता म्हणे, "किती वाजता आलं वं वावधन?" मी म्हणलं, "दोन." "कोणं बांधली ताडपत्री?" "मीनं." "मंग?" मी चुलीत लाकूड सारलं, त त्यायनं तव्यावरची भाकर उलटवली अन् म्हणे, "मंग सैल राह्यली. ध्यानात ठेव. तोंडात मूग धरून बसशीन त साहेब काय समजन?"

तुमाले वाचता येत नव्हतं. माही शाळा पाचवीतच सुटली, तुमी गेले त्याच वर्षी. म्हणजे लिहिणारी अशी अन् वाचणारा तसा. तरी लिहून राह्यली, कारण बोलाले कोणीच नाई. माहा फोन यायच्यापाशी हाय, पोरीच्या बापापाशी. सासूबाई पोरीले घेऊन शेजारी बारशाले गेल्या. मले म्हणे, तू घरीच राह्य, तुहं तोंड पाहून बाया दहा गोष्टी इचारतीन. जाताना बाहेरून कडी लावल्याचा आवाज आला का वाऱ्यानंच दार वाजलं, ते मी उठून पाह्यलं नाई. पाह्यलं असतं त समजलं असतं, अन् समजाचंच मले भेव वाटते. आता सगळ्याच गोष्टीत मले असं होते बाबा. काल यायनं जिलबी आणली, त मी पयले तिचा वास घेतला.

झालं ते सांगते. हे, म्हणजे तुमचे जवाई, ज्यायले तुमी पाह्यलंच नाई, पिकअप चालवतात. भाव वाढीन म्हणून लोकायनं घरात भरून ठेवलेला कापूस आता उन्हाळ्यात निघून राह्यला, तो हे आर्णीले नेऊन टाकतात. सोमवारी भर दुपारी, गाव अन् आर्णीच्या मधात, गाडी रस्ता सोडून उजव्या हाताले गेली अन् समोरून येणाऱ्या दूधवाल्या आजाले लागली. आजा तांड्यावरचे. सकाळी सायकलले कॅन लटकवून आर्णीले दूध घालाचे अन् दुपारी रिकाम्या कॅनचा खडखडाट करत परत याचे. सकाळी जाता जाता आमच्या दारी थांबून पोरीसाठी गिलासभर दूध ठेवाचे. म्हणाचे, "कॅनात मावलं नाई व बाई, रस्त्यात सांडून जाईन, घेऊन घे." रोज कसं मावाचं नाई? पोरीले ते याडी म्हणतात. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे माय. आता आजा यवतमाळच्या दवाखान्यात हायत, अन् अजून डोळे उघडले नाईत.

हे घरी आले अन् म्हणे, मावळतीकडून वावधन आलं, ताडपत्रीच्या आत वारं भरलं, ताडपत्री फुगली अन् गाडीच उचलून उजवीकडं नेली. आर्णीकडं जाताना मावळत आपल्या डाव्या हाताले राह्यते, म्हणजे ऐकाले बरोबरच लागते. "माह्या हातात काईच नव्हतं," म्हणे. सगळ्या गावानं मान हालवली. कारण वावधन त खरंच आलतं. शेजारचे टिनं उडाले, शाळेजवळचा निंब आडवा झाला, आर्णीची बस रस्त्यातच उभी राह्यली, ड्रायव्हरले समोरचं डांबर दिसत नव्हतं येवढी धूळ. धुळीतून बसवाल्यायनंच यायची गाडी पाह्यली, तवा वावधन जोरात चालू होतं. चाळीस माणसायनं पाह्यलं. मंग संशय कोणाले येईन?

मले आला. तुमच्यामुळं आला.

तुमी गाड्या बांधाचे. ट्रकात कापूस दाबून दाबून भरला, बाजूनं पोटावाणी फुगला, का मंग तुमाले हाक पडे, "ओ बांधणारे!" तुमचं नाव तथी कोणाले ठाऊकच नव्हतं. मी डबा घेऊन आलेली असो, ट्रकच्या सावलीत बसून पाहत राहो. तुमी वर चढाचे, चिमूटभर कापूस हवेत सोडाचे अन् तो कुकडं जाते ते पाहाचे. हमाल खालून म्हणत, "सोडली बाप्पा यानं पुडी." तुमी हासाचे नाई. ताडपत्रीचा वरचा पदर जिकडून वारं येते तिकडून टाकाचे, का वारं पदरावरून घसरून जावं, पदराखाली घुसू नये. अन् गाठ वाऱ्याच्या पाठीकडं. तुमी बांधलेली गाडी नागपूरपर्यंत गेली तरी दोराले हात लावाचं काम नसे, असं लोक म्हणत. तुमी होते तवर म्हणत.

एकदा मी बकरी बांधली होती, आठवते काय? ती सुटली अन् शेजारच्या वांग्यात शिरली. आई हातात लाकूड घेऊन माह्या मांगं अन् तुमी खाटीवर बसून चाय पिऊन राह्यलते. मारलं नाई तुमी. दोर हातात देल्ला अन् म्हणे, "गाठ म्हणजे जबान होय. देल्ली त राह्यली पायजे." अन् ओसरीच्या खांबाले वीस खेपा बांधाले लावली. एकविसाव्या खेपेले तुमी खांबासंगं दोर ओढून पाह्यला, तो हालला नाई, त दुसऱ्या दिवशी तुमी माह्यासाठी भिंगरी आणली. पळसाच्या पानाची, मधात बाभळीचा काटा. मी ती धरून गावभर धावली. तुमी म्हणे, अवं धावू नको, उभी राह्य, वाऱ्याले त्याचं काम करू दे. पान दोन दिवसात वाळून चुरा झालं. काटा मी लय दिवस जपून ठेवला होता.

अन् वावधनाचं तुमीच शिकवलं. मावळतीकडं काळं दिसाले लागलं का वारं उलटं फिरते, उगवतीकडून सुटते अन् त्या काळ्याकडं जाते. तुमी म्हणाचे, पाहुणा येऊन राह्यला म्हणून वारं त्याले घ्याले रस्त्यापर्यंत जाते. मंग मधात घडीभर सगळंच थांबते. अन् मंग तो पाहुणा येते, मावळतीकडून, दारं तोडत. ज्याले हे ठाऊक नाई तो म्हणते का वारं सकाळपासून एकाच अंगानं होतं. तुमी सांगतलं होतं, मी ऐकलं होतं. यायनं ऐकलं नव्हतं.

सोमवारी ताडपत्री मी बांधली हे खरंच हाय. लग्न झाल्यापासून मीच बांधते. यायले त्याचा अभिमानच होता, चार लोकात सांगाचे, "आपली गाडी बायको बांधते, अन् बाप्पा, सोडाले दोन माणसं लागतात." त्या दिवशी मी चिमूटभर कापूस सोडला. मावळतीच्या अंगानं आभाळाची कड मळकट दिसत होती, सकाळपासूनच अंगाले चिकचिक. मी म्हणलं, "आज चार-साडेचारले वावधन येईन. त्याच्या आधी खाली करून घ्या." हे हासले. "रेडिओच आणला लेका मीनं घरात, बायको कायले आणली." मी पदर मावळतीकडून टाकला, गाठ उगवतीकडं घेतली, दोर ओढून पाह्यला. हालला नाई. आता मले सैल म्हणाचं हाय.

अन् फोनचं सांगते. दोन वाजता पोरीचं अंग तापलं. मी यायले फोन लावला. यायनं उचलला. मागं गाणं लागलेलं होतं. मी म्हणलं, "पोरीले ताप हाय, येताना दवाई आणजा." हे म्हणे, "कोणती? बाटलीचा फोटो टाक." मी म्हणलं, "ते मले नाई येत, गुलाबी बाटली हाय म्हणून सांगा." हे म्हणे, "थांब, डॉक्टरच्या मागच्या चिठ्ठीचा फोटो हाय काय माह्या फोनात, पाहतो." मंग सायकलची घंटी वाजली. दोन खेपा. मंग रिकामे कॅन पडल्यावाणी आवाज. मंग फोन बंद.

फोनात वारं नव्हतं बाबा. वाऱ्यात उभं राहून कोणी बोलते त फोनात नुसतं फरफर फरफर ऐकू येते, माणूस ऐकू येत नाई. मले गाणं ऐकू आलं, घंटी ऐकू आली. अन् आमच्या अंगणात तवा पोरीचे दुपटे वाळत होते, ते हलके हलके मावळतीकडं हालत होते. वावधन आलं ते नळ आल्यावर. नळ साडेचारले येते. सगळ्या बायायचे पाण्याचे गुंड धुळीनं भरले, पाणी फेकून द्या लागलं, म्हणून मले पक्कं ठाऊक हाय. सगळ्या बायायलेच ठाऊक असन. पण त्यायले कोणी इचारत नाई, अन् त्याबी सांगत नाईत. वावधन आलतं ना, मंग झालं. आजा रोज दोनलेच तथून परत येतात हे सगळ्यायले ठाऊक, म्हणून यायनं वावधनच दोनवर आणलं.

त्याच संध्याकाळी मी सहज इचारलं, "तवा तुमी माह्यासंगंच बोलत होते ना?" हे हात धूत होते. पाणी तसंच सांडत राह्यलं. म्हणे, "कवा?" मी म्हणलं, "गाडी लागली तवा." म्हणे, "तुहा फोन आलाच नाई मले." सकाळी माहा फोन घेऊन गेले, काच फुटली हाय, बसवून आणतो म्हणून. काच एक वर्षापासून फुटलेली हाय. वर्षभर कोणाले दिसली नाई.

तिसऱ्या दिवशी मी दोर पाह्यला. गोठ्यात ताडपत्रीखाली दाबून ठेवला होता. पोरीच्या झोक्यासाठी दोर पाहून राह्यली असं सासूबाईले सांगतलं. गाठ जशीच्या तशी हाय बाबा. माही गाठ, तुमची गाठ. दोर मधातून तुटलेला. तुटलेला म्हणतात. पण दोर तुटला का त्याचं तोंड पिंजते, झाडूवाणी होते, एक धागा लांब राह्यते एक आखूड. हे तोंड सरळ हाय, काकडी कापल्यावाणी. गाडीत सीटखाली यायचा इळा राह्यते, चाऱ्यासाठी. मी दोर जशाचा तसा ठेवला अन् घरात येऊन भांडे घासले. घासलेलेच भांडे परत घासले.

तरी मी मनाले म्हणलं, कोणी गाडी मोकळी करताना कापला असन. कापूस दुसऱ्या गाडीत भरताना घाई झाली असन. आपल्या माणसावर माणूस येवढ्या लवकर संशय घेत नाई. पण ताप उतरेना म्हणून सासूबाईसंगं पोरीले घेऊन आर्णीले गेली. काळीपिवळी जीपमधी कोंबून बसलो. ती जागा आली त सासूबाईनं पोरीच्या तोंडावर पदर टाकला अन् मले म्हणे, "तू तिकडं पाहू नको. वाईट जागा हाय, पोरीले लागन." म्हणून मी पाह्यलं.

डाव्या हाताच्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. मावळतीकडच्या. काट्याकाट्याले कापूस रुतलेला. कापसाच्या रस्त्यानं बाभळीले पुंजके राह्यतातच, पण हे चार-पाच झाडं शेवरीवाणी फुलले होते. वावधनाच्या पाण्यानं भिजून वाळला होता, काटा सोडत नव्हता. अन् उजव्या हाताले, जिकडं वावधनानं कापूस न्याले पायजे होता, तिकडच्या पळसाले एक पुंजका नाई. जीप दोन मिनिटात पुढं गेली, पण मले जे पाहाचं ते दिसलं. कापूस गाडीतून उडाला तवा वारं उगवतीकडून होतं. म्हणजे पाहुणा आला नव्हता, त्याले घ्याले वारं जाऊन राह्यलं होतं. उगवतीचं वारं गाडीले ढकललं असतं त डावीकडं ढकललं असतं, बाभळीत. आजाकडं नाई. गाडी आजाकडं गेली ती फोनात पाहता पाहता गेली. मंग इळ्यानं दोर कापला, का वाऱ्यानं झालं असं दिसावं. बाकी सगळं जमवलं, फक्त वाऱ्याले इचारलं नाई.

इथपर्यंत असतं त मी रडून गप्प बसली असती. चूक कोणाकडूनबी होते. फोन मीच लावला होता, मीच म्हणलं होतं गुलाबी बाटली. पण एक गोष्ट मले खाऊन राह्यली. आजाचा फोन आला तवा मी दोन वाजता लावला होता... नाई, चुकलं, आजाचा नाई, माहा. डोकं जाग्यावर नाई. माहा फोन दोन वाजता. बसवाल्यायनं गाडी पाह्यली ती वावधनात, म्हणजे साडेचारले. दोन अन् साडेचार. त्या रस्त्यानं भर उन्हात कुत्रंबी फिरत नाई. अडीच घंटे हे तथी काय करत होते? आजा रस्त्यावर पडलेले, गाडी चालू होणारी, आर्णी पंधरा मिनिटावर. यायनं पयले आजाले उचललं का पयले इळा काढला? अन् मंग बसून राह्यले काय, मावळतीकडं पाहत? वावधन येईन हे यायले कोणं सांगतलं होतं? मीनं. चार-साडेचारले येईन, असं मीच सांगतलं होतं. तुमी मले शिकवलं, मी यायले सांगतलं, अन् यायनं त्याचं हे केलं. बाबा, मी तो कापूस हवेत सोडलाच नसता त बरं झालं असतं.

हे वाईट नाईत, असं मी आतापर्यंत सगळ्यायले सांगत आली. पोरीच्या पायात काटा गेला त यायच्या डोळ्यात पाणी येते. त्या दिवशी घरी आले त पयले दाराले कडी लावली अन् मंग पाणी मांगतलं. मले वाटलं धक्का बसला. आता वाटते, भेव. काल जिलबीचा तुकडा पोरीच्या तोंडात घालत हे म्हणे, "पाह्य बाई, ठाण्यात तुही माय बराबर बोलली त आपण सगळे घरी. नाई बोलली त तू अन् मी अन् आजी इथं, अन् माय तिच्या भावाच्या दारी. चालते तुले?" पोरगी हासली. दीड वर्षाची हाय, तिले काय समजते. मी म्हणलं, "असं काय बोलता लेकरासंगं." हे म्हणे, "मजाक करून राह्यलो." पण काल राती पोरगी सासूबाईपाशी झोपली, अन् सासूबाईनं दाराच्या उंबऱ्याले लागून सतरंजी टाकली. म्हणे आतमधी गरम होते.

तांड्यावरची बाई काल पाणी भरताना भेटली होती, आजाची सून. सासूबाई दोन पावलं मांगंच होत्या. ती म्हणे, "बुढा झोपेत बोलते म्हणते नर्स. घंटी वाजवली, घंटी वाजवली, येवढंच बोलते. काय समजते काय तुले?" सासूबाई मधातच म्हणे, "डोक्याले मार हाय ना वं, बरळन नाई त काय करन." मी गुंड डोक्यावर घेतला. तिनं माह्याकडं पाह्यलं, मी खाली पाह्यलं. आजा जर उठले नाई त ती घंटी फक्त माह्या कानात राह्यते. अन् उठले तरी लोक म्हणतीन, बुढ्याचं डोकं गेलं. मंग मीच उरली. दोर, बाभळी, अन् मी. बाभळीचा कापूस तरी कोण किती दिवस पाहीन, पक्षी नेतीन खोप्याले.

आता हे लिहिता लिहिता बाहेर दुपटे मावळतीकडं हालाले लागले. आजबी येईन म्हणजे. वावधनाच्या आत सासूबाई घरी येतीन, हेबी येतीन. म्हणून ज्याच्यासाठी बसली ते लिहून टाकते, नाई त परत राहून जाईन. इतके वर्षं राह्यलंच हाय.

तुमी गेले त्या दिवसाचं. मी डबा घेऊन आली होती. वैशाखाचं ऊन होतं. तुमी गाडी बांधली, अन् खाली उतरून मालकाले म्हणे, "मालक, आज याले गाडी नका देऊ. याचे डोळे पाहा." ड्रायव्हर ट्रकले टेकून उभा होता, त्याच्या तोंडाचा वास माह्यापर्यंत येत होता. मालक म्हणे, "तू बांधणारा होय ना? बांधून झालं ना? मंग बस वर." तुमी डब्यातली अर्धी भाकर खाल्ली, अर्धी मले देल्ली, अन् गाडीवर चढून बसले. पुढच्या नाल्यापाशी वळणावर गाडी पलटी झाली. तिसऱ्या दिवशी मालक घरी आले, संगं ठाण्याचे एक साहेब. म्हणे वारं लय होतं, माल एका अंगाले गेला, बांधणाऱ्यानं सैल बांधली होती. आई भिंतीले टेकून बसली होती. साहेबानं मले इचारलं, "तू तथी होती ना पोरी? वारं होतं का?" मालकाच्या हातात पिशवी होती. तिच्यात गुलाबी चपला होत्या, नव्या. त्या माह्यासाठी हायत हे मले समजलं होतं.

मी म्हणलं, "हो. लय होतं."

नव्हतं बाबा. आवारातल्या पिंपळाचं पान हालत नव्हतं, अन् पिंपळाचं पान त नुसतंबी हालत राह्यते. तुमी कापूस सोडला होता तो सरळ तुमच्या पायापाशी पडला होता. तुमी मले दाखवलाबी होता. म्हणलं होतं, "पाह्य, आज वाऱ्याले सुट्टी." त्या चपला मी फाटेपर्यंत घातल्या. अन् तवापासून गावात म्हणतात, तो सैल बांधणारा. ज्यानं जबान अन् गाठ एकच मानली, त्याची गाठ माह्या जबानीनं सुटली. दादा तवा बारा वर्षाचा होता. त्यानं मले एकदाच इचारलं होतं, पांघरुणात तोंड घालून, "खरं सांग, वारं होतं काय?" मी त्यालेबी हो म्हणलं. त्यानंतर त्यानं मले कवाच काई इचारलं नाई. राखीले येते, पोरीले खाऊ देते, जाते.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचत नाई, ते मले समजते. मी तो पोरीच्या लसीच्या कार्डाच्या प्लास्टिकात, कार्डाच्या मांगं, घडी करून ठेवून राह्यली. उद्या सकाळी आमी ठाण्यात जाऊ त्याच्या आधी लसीवाल्या आशाताई कार्ड घ्याले येतीन. ते कार्ड सासूबाई स्वतःच्या हातानं देतीन, कारण त्यायले वाचता येत नाई. उद्या माह्या तोंडातून काय निघन ते मले खरंच ठाऊक नाई. पोरगी यायच्या कडेवर असन.

ज्या कोणाच्या हातात हा कागद येईन, आशाताई असा का दुसरं कोणी असा, माह्या भावाले फोन लावा. तो घाटंजीले गॅरेजात काम करते. नंबर कार्डाच्या मांगच्या पानावर पेन्सिलनं लिहिला हाय, बारीक हाय पण दिसते. त्याले म्हणा, बहिणीनं सांगतलं का वारं नव्हतं. सोमवारीबी नव्हतं, अन् बाबा गेले त्या दिवशीबी नव्हतं. दोन्ही सांगा. त्याले म्हणा, दुपटे मावळतीकडं हालून राह्यले, मले अन् पोरीले न्याले गाडी घेऊन निघ. फोन लावा.